पुन्हा पाहू नका, म्हणणाऱ्यांना

बालपणी ज्या गोष्टींनी आपल्याला वेड लावले त्यांच्याकडे प्रौढपणी पुन्हा फिरकू नये, कारण तसे केल्याने त्या गोष्टीही हातच्या जातात आणि त्यांची आठवणही नासते, असा एक उपदेश आपल्या सुशिक्षित वर्गात हल्ली इतक्या सर्रास केला जातो की, त्याला आव्हान देऊ पाहणाऱ्यालाच आपण काही अरसिकपणा तर करीत नाही ना, अशी शंका यावी. गेल्या हिवाळ्यात नवी मुंबईतील एका व्याख्यानमालेत एका व्यासंगी वक्त्यांनी हाच उपदेश, दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणाऱ्या आणि आज चाळिशीच्या आगेमागे असलेल्या पिढीच्या मनात घर करून राहिलेल्या अद्भुतरम्य व्यंगचित्रपटांना, म्हणजे घरीदारी ज्यांना आपण सरसकट कार्टून म्हणतो त्यांना, लागू करून दाखविला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ही चित्रे मुळातच हलक्या मोलाची, परक्या मुलखातली आणि खेळणी खपविण्यासाठी काढलेली. मुलाच्या डोळ्यांना ती दिव्य दिसली हा त्या डोळ्यांचा गुण, चित्रांचा नव्हे. तेव्हा जाणत्या माणसाने ती पुन्हा लावून बसणे हा एक तर पोरकटपणा, नाही तर संसाराच्या जबाबदाऱ्यांपासून काढलेला पळ होय. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत माझ्या परिचयाचे असे एक गृहस्थ होते की, ज्यांच्या मोबाइलवर 'जंगल बुक'च्या शीर्षकगीताचीच धून वाजते. पण ते असो.

या उपदेशाच्या पायातच विसंगती आहे. पुन्हा पाहिल्याने आठवण नासेल असे वक्ते म्हणतात. परंतु जी आठवण मूळ वस्तूच्या नुसत्या दर्शनाने नासते ती त्या वस्तूची आठवण नव्हेच, ती आपणच आपल्या सोयीने रचलेली आणि वर्षानुवर्षे रंगसफेदी करून जपलेली एक कैफियत असते. सातबारा न पाहता केवळ आजोबांच्या सांगण्यावरून शेताच्या हद्दी ठरवू पाहणाऱ्याला आमच्या ठाणे-रायगड भागात कोणी शहाणा म्हणत नाही. आणि ज्या शहराचा सगळा प्रपंच १९७० नंतर संपादन केलेल्या जमिनींवर उभा राहिला, त्या शहरात तरी कागद न उघडण्याची शिफारस कोणी करू नये. शिवाय वक्त्यांना एक साधा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्यांनी स्वतः ही चित्रे अलीकडे पाहिली आहेत काय? पाहिली असतील तर त्यांनी आपला नियम आपणच मोडला. पाहिली नसतील तर 'हलक्या मोलाची' हा निवाडा त्यांनी कोणत्या पुराव्यावर दिला?

त्यांच्या बाजूने जेवढे खरे आहे तेवढे मी प्रथमच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढे त्यावरून तंटा नको. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे आलेली 'ही-मॅन' ही मालिका आज लावून पाहिली तर पहिल्या काही मिनिटांतच तिचे दारिद्र्य डोळ्यांत भरते. अमेरिकेतल्या फिल्मेशन नावाच्या संस्थेने १९८३ पासून तिचे १३० भाग काढले, आणि ते काढताना खर्चाची अशी काही ओढाताण केली की, वीर धावतो तो प्रत्येक भागात तीच ढांग टाकीत, खलनायक हसतो तो तीच मान मागे टाकून, आणि तलवार उंचावून राजपुत्राचा महावीर होण्याचा जो सोहळा आम्ही श्वास रोखून पाहत असू, तो तर एकदाच काढून भागाभागाला डकविलेला. संस्थेचे चालक लू शायमर यांनी ऑर्को या विदूषकी जादूगाराला स्वतःचाच आवाज टोपणनावाने दिला होता, यावरून तिथल्या काटकसरीची कल्पना यावी. त्यात वर प्रक्षेपणाच्या नियमांचा जाच असा की, कमरेएवढी तलवार घेऊन हिंडणाऱ्या या वीराला ती कोणा जिवंत प्राण्यावर चालविण्याची मुभा नाही. तो शत्रूला उचलतो, गरगर फिरवितो आणि चिखलात फेकून देतो. प्रत्येक भागाच्या शेवटी एखादे पात्र पडद्यावर येऊन मुलांना सद्वर्तनाचा पाठ देते, तो तर तेव्हाही कंटाळवाणा होता आणि आजही आहे. एवढे सगळे मान्य.

पण याच दरिद्री मालिकेत 'टीलाज क्वेस्ट' नावाचा एक भाग आहे. राजाच्या रक्षकदलाची अधिकारी असलेल्या टीला या तरुणीला कळते की, ज्याला ती आजवर पिता मानीत आली त्या शस्त्रगुरू डंकनने तिला केवळ वाढविले आहे, आणि मग आपली आई कोण याचा शोध घेत ती संकटांतून वाट काढीत एका भविष्यवेत्त्यापर्यंत जाऊन पोहोचते. आई निघते ती ग्रेस्कलच्या किल्ल्याची रक्षणकर्ती, जी किल्ल्याबाहेर पडताच मानवी रूप गमावून ससाणा होते आणि म्हणून कन्येजवळ कधीच राहू शकत नाही, ती मांत्रिक स्त्री. भेट होते, ओळख पटते. आणि त्यानंतर ती आई, हे गुपित फुटले तर राज्यावर संकट येईल म्हणून, मुलीच्या मनातून ही सगळी ओळख मंत्राने पुसून टाकते. मुलगी पूर्वीसारखी होऊन परत जाते, आणि घडले ते जाणणारी आई मागे एकटीच उरते.

ज्या समाजाने कुंतीची आणि कर्णाची गोष्ट शतकानुशतके सांगितली, त्या समाजातल्या प्रौढ प्रेक्षकाला या प्रसंगापाशी थांबावे लागते. कुंतीने सत्य सांगितले ते फार उशिरा आणि स्वार्थाच्या एका धाग्यासकट. पण सांगितलेले तिने परत घेतले नाही, आणि कर्णाला निदान नाकारण्याचा अधिकार तरी उरला. इथे कन्येकडून तोही काढून घेतला जातो, आणि काढून घेणारी दुष्ट नाही, ती कर्तव्यनिष्ठ आहे, यातच त्या वीस-बावीस मिनिटांच्या गोष्टीची धार आहे. अधिरथासारखाच पालक असलेला डंकन मात्र सगळे जाणून गप्प राहतो, तेही विसरता येत नाही. सात वर्षांच्या मुलाला यातले काय दिसले असणार? राक्षस दिसले, भविष्यवेत्त्याचे अद्भुत स्थान दिसले आणि शेवटी सगळे पूर्ववत झाले याचे समाधान दिसले. तेव्हा चित्रातले दिव्यत्व मुलाच्या डोळ्यांनी घातले, हा वक्त्यांचा सिद्धान्त इथे सपशेल उलटा पडतो, कारण जे चित्रात प्रत्यक्ष होते तेच त्या डोळ्यांतून निसटले होते. चलनवलनावर खर्च करायला पैसा नव्हता म्हणून लेखकांना आपली सगळी शक्ती कथेत आणि संवादात घालावी लागली, असे मला वाटते. पॉल डिनी आणि जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले लेखक याच मालिकेत हात बसवून गेले, हा काही योगायोग नव्हे.

खेळण्यांचा मुद्दा राहिला. मॅटेल कंपनीने बाहुले आधी बाजारात आणले आणि मालिका मागाहून आली, हे जगजाहीर आहे. अमेरिकी सरकारने त्या काळात प्रक्षेपणावरचे निर्बंध सैल केल्यामुळेच हा सौदा जमला. परंतु आश्रयदात्याच्या हेतूवरून कृतीचे मोल ठरवायचे तर आपल्याला घराजवळच मोठी पंचाईत होईल. ठाण्याच्या खाडीपलीकडे कान्हेरीची जी लेणी आहेत तिथल्या शिलालेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची नावे दानकर्ते म्हणून कोरलेली आहेत, आणि त्या दानांत पुण्याच्या हिशेबाबरोबर नावलौकिकाचा हिशेब मुळीच नसेल असे मानण्याइतके कोणी भाबडे नाही. म्हणून कोणी त्या स्तंभांना जाहिरात म्हणत नाही. ही-मॅन म्हणजे कान्हेरी नव्हे, हे सांगण्याची गरज नसावी. पण मोजमाप दोघांना एकच लावावे लागेल.

आता परकेपणाचा आरोप, आणि इथे मात्र मला सविस्तर बोलले पाहिजे. कारण वक्त्यांच्या भाषणातला सर्वाधिक टाळ्या घेणारा भाग तोच होता. १९९३ साली, म्हणजे वाशीपर्यंत लोकल येऊन जेमतेम वर्ष होत असताना आणि नेरूळच्या आमच्या इमारतीपासून खाडीपर्यंत मध्ये नुसती दलदल, खारफुटी आणि थंडीत उतरणारे पक्षी असताना, 'जंगल बुक' ही मालिका हिंदीतून सुरू झाली. तिचा वंशवृक्ष तपासून पाहू. मूळ कथा रुडयार्ड किपलिंगची. हा गृहस्थ जन्मला १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, जिथे त्याचे वडील शिक्षक होते. पाचव्या-सहाव्या वर्षी त्याला विलायतेला धाडण्यात आले, आणि मोगलीच्या कथा त्याने लिहिल्या त्या अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून. कथांचे स्थळ सिवनीचे अरण्य, नागपूरहून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. आणि त्यातली नदी आपली वैनगंगा, जी पुढे भंडारा आणि गडचिरोलीच्या शिवारांतून वाहते. या कथांवरून निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ मध्ये ५२ भागांची मालिका काढली. तिच्यासाठी हिंदी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाजांनी दिले, आणि शेरखानच्या तोंडी आवाज घातला तो मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांनी. वाशीच्या जकात नाक्यावर हा माल अडवून यातली परदेशी जिन्नस कोणती आणि किती, याचा पंचनामा करायला सांगितला असता, तर नाक्यावरच्या कारकुनाने राजीनामाच दिला असता.

नानांच्या त्या आवाजाविषयी एक गोष्ट प्रौढपणीच ध्यानात आली. लहानपणी शेरखानची भीती वाटे ती त्याच्या डरकाळीची. आज ऐकताना जाणवते की, डरकाळी त्यात थोडीच आहे, बाकी सगळा अपमान आहे. मूळ ग्रंथातला शेरखान जन्मतः एका पायाने लंगडा असतो, त्याची आईच त्याला लंगडा म्हणून हाक मारते, आणि धड शिकार जमत नाही म्हणून तो माणसांची गुरे मारतो. अशा जनावराचा दिमाख हा मुळात दुखऱ्या जागेवर बांधलेला असतो. नानांनी मूळ ग्रंथ वाचला होता की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यांच्या संथ, तुच्छतेने ओथंबलेल्या शब्दफेकीत तो लंगडेपणा ऐकू येतो, आणि तो ऐकायला श्रोत्याच्या स्वतःच्या पदरी थोडे अपमान जमा असावे लागतात.

हाच शेरखान 'टेलस्पिन' या डिस्नेच्या मालिकेत सूट-टाय चढवून एका अवाढव्य उद्योगसमूहाचा मालक म्हणून येतो, आणि बाळू अस्वल तिथे कर्जबाजारी वैमानिक असतो. ती मालिकाही आम्ही दूरदर्शनवरच पाहिली, आणि वाघाने टाय बांधला म्हणून पोटभर हसलो. आज बेलापूर-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत दिवस काढणाऱ्यांपैकी कोणालाही विचारा, न ओरडता, नखेही न दाखविता, हलक्या आवाजात समोरच्याचा व्यवसाय गिळणारा तो वाघ हे पात्र अद्भुतरसाचे आहे की वास्तववादाचे.

पण परकेपणाच्या या आरोपाला याहून वजनदार उत्तर आपल्या स्वतःच्या इतिहासात आहे, आणि ते वक्त्यांना ठाऊक नसावे याचे नवल वाटते. दादासाहेब फाळक्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात निर्जीव काड्यांना पडद्यावर नाचविले होते. कोल्हापूर सोडून पुण्यात स्थिरावलेल्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा व्यंगपट काढला. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपटांचा विभाग उभा राहत असताना तिथल्या तरुणांना शिकवायला क्लेअर वीक्स आले. हे डिस्नेच्या 'बॅम्बी'वर काम केलेले चित्रकार, आणि जन्म मात्र त्यांचा हिंदुस्थानातला, मिशनरी आईबापांच्या पोटी. त्यांच्या देखरेखीखाली १९५७ मध्ये जातककथेवरचा 'द बनियन डिअर' तयार झाला. पुढे १९७४ मध्ये विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' निघाला, ज्याची चित्रे भीमसेन यांची. जाळे घेऊन उडणारी त्यातली पाखरे आणि जाळे कुरतडणारे उंदीर हे पंचतंत्रातल्या चित्रग्रीव कपोताचे आणि हिरण्यक मूषकाचे थेट वंशज आहेत. पंचतंत्र पहलवीत गेले, पहलवीतून अरबीत, अरबीतून युरोपभर. तेव्हा बोलणाऱ्या जनावरांची कथा आपल्याकडे बाहेरून आली म्हणून कुरकुरणे म्हणजे स्वतःच उसने दिलेले भांडे परत आल्यावर ते ओळखू न येण्यासारखे आहे.

१९५६ च्या त्या पहिल्या तुकडीत राम मोहन नावाचे एक तरुण चित्रकार होते, आणि या सगळ्या वादाचा निकाल ज्या एका चित्रपटाने लागावा त्याचे ते पुढे एक दिग्दर्शक झाले. युगो साको हे जपानी गृहस्थ १९८३ च्या सुमारास रामायणाशी निगडित स्थळांच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले, आणि रामकथेने असे भारले गेले की, तिचा पूर्ण लांबीचा व्यंगपट करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. सरकारी सहकार्य मात्र मिळाले नाही. रामायणासारखा नाजूक विषय कार्टूनच्या रूपाने मांडता यायचा नाही, अशी आपल्या दरबाराची भूमिका होती. म्हणजे आमच्या वक्त्यांचे मत तेव्हाच सरकारदफ्तरी रुजू झालेले होते. अखेर चित्रपट जपानमध्ये बनला, साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्या हातून. संगीत वनराज भाटियांचे आणि संस्कृत गीते वसंत देवांची. 'रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम' हे त्याचे नाव. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखविला गेला. अयोध्येची घटना होऊन जेमतेम महिना लोटला होता, आणि त्याच दिवसांत खाडीच्या पलीकडे मुंबई जळत होती. अशा वेळी रामाचा व्यंगपट गावोगावी लावण्याची हिंमत कोणाला होणार? तो पुढे दूरचित्रवाणीवरून, अरुण गोविल आणि अमरीश पुरी यांच्या हिंदी आवाजांत, मुलांपर्यंत चोरपावलांनी पोहोचला आणि मुलांचा म्हणूनच राहिला.

तो २४ जानेवारी २०२५ रोजी देशातल्या चित्रपटगृहांत पुन्हा झळकला, हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि तेलुगूत. मराठीत नाही, ही आपल्या वाट्याची नेहमीची उपेक्षा. मी तो वाशीत पाहिला. लहान पडद्यावर कधी न जाणवलेली गोष्ट म्हणजे त्यातल्या देहांचे वजन. कुंभकर्ण चालतो तेव्हा चित्रकार त्याला घाईने पुढे ढकलीत नाहीत. पाऊल उचलले जाते, अधांतरी क्षणभर तोलते, आणि ते टेकल्यानंतर त्या अजस्र देहाचा उरलेला भाग मागून येऊन स्थिरावतो. ही-मॅनची डकविलेली ढांग ज्याने एकदा चिकित्सेने पाहिली आहे, त्यालाच या एका पावलामागे किती हातांची किती दिवसांची मजुरी आहे हे कळते. हलके आणि भारी यांतला भेद पुन्हा पाहिल्यावाचून कळत नाही, हेच मी आरंभापासून सांगतो आहे. माझ्या रांगेत मुले फार नव्हती. तिशी-चाळिशीतली माणसे होती, आणि त्यांच्यापैकी कोणी जीवनातून पळून आल्यासारखे दिसत नव्हते. मध्यंतरात दोघेतिघे कार्यालयाचे फोन घेत होते.

पलायनाच्या त्या आरोपाला याहून अधिक उत्तराची मला गरज वाटत नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये बालरंगभूमी सुरू केली आणि रत्नाकर मतकरींची 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणली, तेव्हापासून मराठी आईबाप मुलांच्या निमित्ताने राक्षस आणि चेटकिणी पाहत आले आहेत. 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारली, आणि २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगल्यांनी, आणि दोन्ही वेळा मोठ्यांनी मुलांपेक्षा कमी टाळ्या वाजविल्या नाहीत. विष्णुदास भाव्यांच्या नावाच्या नाट्यगृहात जे रसिकत्व ठरते, ते घरच्या पडद्यासमोर पोरकटपण कसे होते, याचा खुलासा वक्त्यांनी केलेला नाही.

जाता जाता आमच्याच बाजूच्या म्हणवणाऱ्या काही मंडळींचाही समाचार घेणे भाग आहे. आमच्या वेळचे ते सोने आणि आजच्या मुलांचा तो सगळा कचरा, असे छाती ठोकून सांगणारे हे लोकही, नीट पाहिले तर, वक्त्यांचेच अनुयायी आहेत. कारण त्यांनीही तीस वर्षांत काहीच पुन्हा पाहिलेले नसते, आणि आजच्या मुलांचे तर एकदाही नाही. त्यांचे कौतुक आणि वक्त्यांची निंदा ही दोन्ही एकाच ऐकीव जबानीवर उभी आहेत.

तेव्हा वक्त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, त्यांनी 'टीलाज क्वेस्ट' हा भाग, 'जंगल बुक'चे नानांच्या आवाजातले दोन-चार भाग आणि साको-राम मोहन यांचे रामायण, एवढे तरी एकदा बैठक मारून पाहावे. ते पाहूनही त्यांना ते भिकारच वाटले, तर तसे त्यांनी सकारण आणि प्रसंगांचे दाखले देऊन लिहावे. मी तो लेख आवडीने वाचीन, आणि बहुधा त्याचाही प्रतिवाद करीन.